मदत हवी आहे: कोविडकाळातल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाची धास्ती जात नाही

2021 मध्ये माझी मुलगी 31व्या आठवड्यात झाली. माझी कोविड चाचणी निगेटिव्ह होती, तरी एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) जाऊ दिलं नाही. दूध काढायचं, दारातच नर्सच्या हाती द्यायचं आणि बाळ व्हिडिओ कॉलवर बघायचं. कोविड झालेल्या आईनेही मास्क लावून, हात धुऊन बाळाला छातीशी धरावं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला होता, हे नंतर वाचलं. तो राग अजून आहे.

मुलगी ठणठणीत आहे. ‘मग आता कशाला उगाळतेस’ हे भरपूर ऐकून झालंय, कृपया ते नको. पण मॉनिटरसारखा बीप ऐकला (मायक्रोवेव्हचासुद्धा!) की हातपाय गार पडतात. समुपदेशन घेतलं, बोलून मोकळं वाटलं, बीपचं मात्र जैसे थे. डॉक्टर म्हणतात, हे नैराश्य नाही, बाळंतपणाच्या आघाताचा परिणाम आहे. दुसऱ्या बाळाचा विचार चालू असल्याने गोळ्या तूर्त नकोत.

अशा अनुभवानंतर कुणी ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आघाताच्या आठवणींवर काम करणारी थेरपी) किंवा आघातावरची सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी) घेतली आहे का? पुढच्या गरोदरपणाआधी घेतली की त्यादरम्यान, आणि आवाजाची भीती खरंच कमी झाली का?