समचलन, व्यस्तचलन: यातला 'सम' कोणता आणि 'व्यस्त' कशात?

प्रश्न
समचलनातला 'सम' म्हणजे सम-विषम संख्यांमधला सम का? मग दुसऱ्या प्रकाराला 'विषमचलन' का म्हणत नाहीत? आणि व्यस्त म्हणजे तर कामात बुडालेला! अर्थ मात्र मी असा धरतो: दोन्ही राशी वाढल्या तर सम, एक वाढून दुसरी घटली तर व्यस्त. एवढं पुरे ना?

प्रतिसाद १
शेवटचं आधी घेतो, कारण खरा घोळ तिथे आहे. नाही पुरत. मुलगा ५ वर्षांचा असताना वडील ३० चे, म्हणजे सहापट. मुलगा २५ चा झाला की वडील ५० चे, दुप्पट. वयं दोघांची वाढली, पण गुणोत्तर टिकलं नाही, म्हणून हे समचलन नव्हे. दोन राशींना क्ष आणि य म्हटलं, तर समचलनात य ÷ क्ष ही किंमत हलत नाही. तोच चलनाचा स्थिरांक.

व्यस्तचलनाचंही तसंच. दोन संख्यांची बेरीज १० ठेवा: १ आणि ९, २ आणि ८, ३ आणि ७. एक चढते, दुसरी उतरते, पण गुणाकार ९, १६, २१ असा बदलत जातो. याउलट १२ जणांना एका कामाला १० दिवस लागत असतील तर १५ जणांना ८ आणि २० जणांना ६. गुणाकार प्रत्येक वेळी १२०, म्हणून हे व्यस्तचलन. (सगळे सारख्याच झपाट्याने काम करतात, हे गृहीत. गणितातले मजूर कधी दांडी मारत नाहीत.)

प्रतिसाद २
शब्दांबद्दल. इथला 'सम' समान, सारख्या पटीने या अर्थाचा. क्ष तिप्पट तर य तिप्पट. २ ने भाग जाण्याशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे 'विषमचलन' गैरलागू. 'व्यस्त' म्हणजे उलटा केलेला. 'गुणाकार व्यस्त'मध्ये तोच आहे. ५ चा गुणाकार व्यस्त १/५. म्हणून य हा क्ष शी व्यस्तचलनात असतो, तेव्हा १/क्ष शी समचलनात असतो.

शब्द जुना आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) त्रैराशिकानंतर (तीन माहीत राशींवरून चौथी काढायची रीत) व्यस्त त्रैराशिक येतं. प्रमाण (दिलेली राशी), फल (तिच्या जोडीची), इच्छा (जिच्या जोडीची राशी काढायची ती) या तीन राशी. साध्या त्रैराशिकात फलाला इच्छेने गुणून प्रमाणाने भागायचं, व्यस्तात प्रमाणाने गुणून इच्छेने. वरच्या उदाहरणात प्रमाण १२, फल १०, इच्छा १५: १० × १२ ÷ १५ = ८.

प्रश्नकर्ता
मग वर्तुळ? त्रिज्या वाढली की क्षेत्रफळ वाढतं. गुणोत्तर मात्र टिकत नाही.

प्रतिसाद १
बरोबर, त्रिज्येशी ते समचलनात नाहीच. त्रिज्या दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होतं. ते त्रिज्येच्या वर्गाशी समचलनात आहे, स्थिरांक π. परीघ मात्र थेट त्रिज्येशी, स्थिरांक २π. म्हणून नुसतं 'समचलनात आहे' म्हणू नये, कशाशी तेही सांगावं.