मदत हवी आहे : एशर गेस्टहाउसला गर्दी टाळून कसं जावं?

नमस्कार मंडळी, सप्टेंबरमध्ये आईबाबांना घेऊन स्वित्झर्लंडला जातोय. आपेंझेलजवळच्या आल्पश्टाइन डोंगरातलं एशर गेस्टहाउस दोघांना दाखवायची फार इच्छा आहे. १,४५४ मीटर उंचीवर, सरळ कड्याला चिकटून उभं असलेलं हे लाकडी घर, आणि त्याची मागची भिंत म्हणजे चक्क डोंगराचा खडक!

२०१५ मध्ये नॅशनल जिओग्राफिकच्या एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ते झळकलं आणि जगभरातून लोक लोटले. इतके, की जुन्या जागेला पाणी आणि इतर सोयी पुरेनात. शेवटी २०१८ मध्ये चालवणाऱ्या कुटुंबाने ते सोडलं. पुढच्या वर्षी नव्या लोकांनी ते पुन्हा सुरू केलं. त्यामुळे नुसता फोटो काढून पळायचं नाही, निवांत बसून गरमागरम, किसलेल्या बटाट्याची र‍्योश्टी खायची आहे.

वासरआउएनपर्यंत रेल्वे, तिथून केबल कारने वर एबेनआल्प डोंगरावर, मग विल्डकिर्खली गुहेतून उतरत साधारण वीस मिनिटं, एवढं ठरलंय. बाबांना ती गुहा बघायचीच आहे. तिथे गुहा-अस्वलांची हाडं आणि निअँडरथल माणसाची हत्यारं सापडली आहेत.

आईचे गुडघे दुखतात. गुहेतली वाट ओली, निसरडी असते का? धरायला कठडा कुठपर्यंत आहे? झेआल्पझे तळ्याकडे उतरणारी खडी वाट तिच्यासाठी नकोच, नाही का? आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी पहिल्याच केबल कारने गेलं तर बसायला जागा मिळते का? नुकतंच कुणी जाऊन आलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.