जर्मन ‘मिटगिफ्ट’: हुंडा की आंदण?

कोरा कागद: एक जर्मन लोककथा मराठीत करतोय. ‘मिटगिफ्ट’ला हुंडा लिहिलं, तपासणाऱ्या बाईंनी खोडून ‘आंदण’ केलं. ‘मिट’ म्हणजे सोबत, तेव्हा मुलीसोबत दिलेलं, हे पटतं. पण नुसतं ‘गिफ्ट’ म्हणजे जर्मनमध्ये विष! हे कसं?

तळटीप: शब्द एकच. जुन्या जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे देणं. ग्रीक ‘दोसिस’चाही अर्थ देणंच; वैद्यांच्या तोंडी ते ‘औषधाची मात्रा’ झालं. जर्मनांनी तो अर्थ आपल्या गिफ्टमध्ये भरला आणि मात्रेचं विष झालं. जुना अर्थ मिटगिफ्टमध्ये तेवढा उरला. डचांनी सरळ वाटण्या केल्या: ‘गिफ’ विष, ‘गिफ्ट’ देणगी.

आगाऊ: सगळं संस्कृतातून गेलंय. वैदिक ‘गृभीत’ बघा.

तळटीप: गृभीत म्हणजे पकडलेलं. घेणाऱ्याला देणारा कशाला करता? नातं हवंच असेल तर ‘दोसिस’ आणि आपलं ‘दान’ यांचं धरा, धातू एकच. म्हणजे उपदेशाचे डोस पाजणारे दानशूरच की.

उंबरठा: भाची स्वीडनला आहे. तिथल्या फॉर्मवर तिच्या नावापुढे ‘गिफ्ट’ बघून ताई म्हणाली, “कोणी दिलं गं?” स्वीडिशमध्ये गिफ्ट म्हणजे विवाहित! विषालाही तोच शब्द, उच्चार दोन्हीचा ‘यिफ्ट’. जावयांनी मात्र हा विनोद दोनदा ऐकवला.

शुद्धलेखन: आधी मराठीतलं ‘गिफ्ट’ हद्दपार करा. आहेर, भेट, नजराणा असताना ही भीक कशाला?

उंबरठा: नजराणा फारसीतून आला, साहेब. आणि वाढदिवसाला पोरं आहेर नेत नाहीत, गिफ्टच नेतात.

शुद्धलेखन: फारसी शब्द मुरलेत. हे वेगळं.

कोरा कागद: हुंडा की आंदण, एवढं सांगा हो.

बांधावरून: जर्मनांना कशाला हसता? आपल्याकडे उंदीर मारायचं ते ‘उंदराचं औषध’. कपाशीवर फवारतो तेही औषध. कुणी जीव दिला तरी गावात “औषध पिलं” म्हणतात, विष कुणी उच्चारत नाही. बाटलीवर कवटी, खाली लाल रंग, आणि दुकानात आम्ही विचारणार, “बोंडअळीवर कोणतं औषध चांगलं?”

शुद्धलेखन: ‘प्यायलं’ लिहा.

बांधावरून: आमच्याकडे पिलंच म्हणतात.