क्राकुफ नीट पाहायचं असेल तर : तुमचे अनुभव लिहा

सप्टेंबरात आईबाबांना घेऊन पोलंडमधल्या क्राकुफला चार दिवस राहून आले. (आपण क्राकोव म्हणतो, तिथली माणसं क्राकुफ म्हणतात.) आपल्याकडचे बरेच जण प्राग आणि बुडापेस्टच्या मधे हे शहर एका दिवसात उरकतात, याचं मला फार वाईट वाटतं. महायुद्धात वॉर्सा जमीनदोस्त झालं, क्राकुफ मात्र बरंचसं जसंच्या तसं वाचलं. म्हणून हा धागा. जे जाऊन आलेत, तिथे राहतात, त्यांनी पुढच्यांना उपयोगी पडेल असं लिहा.

सुरुवात मी करते. मुख्य चौक, म्हणजे रिनेक, 1257 साली आखलेला, प्रत्येक बाजू सुमारे 200 मीटर. तिथल्या सेंट मेरी चर्चच्या उंच मनोऱ्यावरून दर तासाला, रात्रीसुद्धा, ट्रम्पेट वाजतं. वाजवणारे अग्निशमन दलातले जवान. चार दिशांना एकेकदा वाजवतात आणि प्रत्येक वेळी सूर मधेच तुटतो. पहिल्या दिवशी बाबा म्हणाले, "अगं, बंद का पडलं?" तातारांच्या धाडीचा इशारा देणाऱ्याच्या गळ्यात बाण घुसला, तिथेच सूर थांबला, अशी दंतकथा आहे. दुसऱ्या दिवशीपासून बाबा घड्याळ बघून चौकात हजर! वाजवून झालं की खिडकीतून हात हलतो, तेव्हा खालून आपणही हात हलवायचा.

चर्च आतून बघायला बाजूचं दार, तिकीट समोरच्या इमारतीत. आम्ही गेलो तेव्हा वेदीची दारं बाराला दहा मिनिटं कमी असताना उघडली, त्याच्या आधी जाऊन पुढचा बाक धरा. वित स्त्वोश या शिल्पकारानं 1477 ते 1489 अशी बारा वर्षं खपून लाकडात कोरलेलं काम आहे. वृद्ध शिष्यांच्या हातांवरच्या शिरासुद्धा दिसतात. दुर्बीण असेल तर न्या.

पुणेकर, वय 63

क्राकुफजवळच्या विएलिच्काच्या मिठाच्या खाणीबद्दल लिहितो, कारण गुडघ्यांचा प्रश्न आहे. सुरुवातीलाच 380 पायऱ्या उतरायच्या, सगळ्या मिळून सुमारे 800. वर येताना लिफ्ट आहे, पण तोवर अडीच-तीन तास पाय चालते हवेत. उतरताना कठडा धरून, घाई न करता उतरा, मागच्यांना खुशाल पुढे जाऊ द्या. बाहेर कितीही ऊन असलं तरी आत गारवा असतो, स्वेटर लागतोच.

सेंट किंगाचं प्रार्थनास्थळ जमिनीखाली 100 मीटरवर आहे. पायाखालची फरशी पॉलिश केलेल्या शहाबादीसारखी वाटते, ती मिठाची. झुंबरांचे लोलकसुद्धा मिठाचे. भिंतीला बोट लावून जिभेवर ठेवलं, खारट लागलं, आणि सौ. लहान मुलीसारखी हसली. हे सगळं खाणकामगारांनी कोरलंय, हे कळल्यावर मी बराच वेळ गप्प होतो.

नाशिकची, शुद्ध शाकाहारी

उपाशी राहायची वेळ येत नाही, पण विचारल्याशिवाय काही तोंडात घालू नका. 'पिएरोगी रुस्किए' म्हणजे बटाटा आणि पनीरसारख्या चीजचं सारण भरलेले उकडीचे करंजीवजा तुकडे. नावात काहीच मांसाहारी नाही, पण वरून डुकराच्या चरबीचे तळलेले कण घालतात. त्यासाठी 'बेझ स्क्वारेक' म्हणायचं. ब्रेडबरोबर लोण्यासारखं पांढरं काही आलं तर ती बहुधा डुकराची चरबी, स्मालेत्स. माझ्या भाच्यानं लोणी समजून पोळीला लावतात तसं भरपूर लावलं होतं, थोडक्यात वाचला. झुरेक नावाच्या आंबट सुपात सॉसेज असतं.

'बार म्लेच्नी' म्हणजे दूध-बार शोधा. जुन्या काळापासूनच्या स्वस्त खाणावळी आहेत. काउंटरवर सांगायचं, पैसे द्यायचे, ताट स्वतः घ्यायचं आणि खाऊन झाल्यावर खिडकीत परत ठेवायचं. बटाट्याची धिरडी आणि गोड चीजचे नालेश्निकी आम्ही रोज खाल्ले. सकाळी रस्त्यावरच्या गाडीवर ओबवाझानेक हा पिळाचा कडक कडबोळ्यासारखा पाव घ्या, खसखस लावलेला.

क्राकुफमध्ये संशोधन करणारा, चौथं वर्ष

ताई, धागा छान काढलात. थोडं रोजच्या वापरातलं. ट्राममध्ये तिकीट घेणं पुरेसं नाही, चढल्याबरोबर यंत्रात घालून शिक्का उठवायचा. माझा भाऊ आला तेव्हा तिकीट खिशात कोरं, आणि तपासनीस साध्या कपड्यांत. दंड भरावा लागला.

एटीएम किंवा दुकानातलं यंत्र 'रुपयांत घेऊ का?' असं विचारतं, तिथे नेहमी झ्वॉटीच (पोलंडचं चलन) निवडा. स्वच्छतागृहाच्या दारावर वर्तुळ म्हणजे बायका, त्रिकोण म्हणजे पुरुष. सुटी नाणी जवळ असू द्या. बहुतेक रविवारी मोठी दुकानं बंद असतात, शनिवारीच सामान भरून ठेवा. नळाचं पाणी बिनधास्त प्या.

आणि जुन्या गावाभोवती पूर्वी तटबंदी होती, तिच्या जागी आता प्लांती ही 4 किलोमीटरची बाग आहे. सकाळी सातला तिथे एक फेरी मारा. शहर कसं वसलंय ते त्या एका फेरीत समजतं.

कोल्हापूरकर

आमचं जाणं वेगळ्या ओढीनं झालं. सोव्हिएत राजवटीनं सैबेरियात धाडलेले सुमारे 5,000 पोलिश लोक 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. माझे आजोबा त्यांच्या गोष्टी सांगायचे. क्राकुफमध्ये घरमालकीणबाईंना फोनवर नकाशात वळिवडं दाखवलं, तर त्या खुर्ची ओढून शेजारीच बसल्या. पुढचा अर्धा तास त्यांची मुलगी दुभाषी. तुम्हीही सांगून बघा.

वावेल किल्ल्यावर शंकरानं टाकलेल्या सात दगडांपैकी एक आहे, अशी तिथे एक समजूत आहे. त्याची शक्ती मिळावी म्हणून अंगणाच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभी असलेली माणसं दिसतील. गोष्ट विसाव्या शतकातली आहे, मी तरी ती ऐकून सोडून दिली. वावेलला खरा वेळ द्यायचा तो 1520 च्या झिग्मुंट घंटेला आणि तळघरातल्या राजांच्या समाध्यांना. प्रत्येक दालनाचं तिकीट निराळं, वेळही ठरलेली. आधी काय बघायचं ते ठरवा.

ठाण्याहून

आउश्वित्स, नाझींची मृत्युछावणी. एका सहल कंपनीच्या गाडीनं गेलो आणि तिथल्या दुसऱ्या, मोठ्या छावणीला, बिर्केनाऊला, जेमतेम चाळीस मिनिटं दिली. ती सल अजून गेलेली नाही. तिथे जवळजवळ 11 लाख माणसं मारली गेली. तो रूळ, ते फाटक, पलीकडचं ते मैदान धावत बघायचं नसतं. स्वतः आरक्षण करा, पासपोर्टवर असेल तेच नाव द्या, मोठी पिशवी नेऊ नका. दोन्ही छावण्यांमधे बस फिरते. त्या संध्याकाळी दुसरं काही ठेवू नका. आम्ही जेवणाची जागा राखून ठेवली होती, जाववलं नाही.

धागाकर्ती

दादा, अगदी खरं. आम्ही त्याऐवजी पोदगुझेला गेलो होतो, नदीपलीकडे. ज्यूंना जिथून छावण्यांत नेलं त्या चौकात आता रिकाम्या धातूच्या खुर्च्या उभ्या आहेत. मोठ्या 33. आई एकीजवळ गेली, पाठीवर हात ठेवला, बसली नाही. कोपऱ्यावरच गरुडाच्या चिन्हाचं जुनं औषधाचं दुकान आहे, तादेउश पांकिएविच यांचं, आता तिथे संग्रहालय आहे. नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या तिथल्या वस्तीत राहून व्यवसाय चालवणारे ते एकटेच बिगरज्यू पोल. दुकान लहानसं आहे, एक तास पुरतो.

नवी मुंबई

डिसेंबरात मुलांना घेऊन जावं का? वय 7 आणि 10.

क्राकुफमध्ये संशोधन करणारा

जावं, पण पावणेचारलाच सूर्य मावळतो, म्हणून बाहेरचं सगळं सकाळी उरका. थर्मल आणि जाड तळव्यांचे बूट घ्या, फरसबंदी ओली असली की घसरते. डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी चौकातल्या कवी मित्स्किएविचच्या पुतळ्याभोवती लोक घरी केलेले 'शोप्के' घेऊन येतात. ख्रिस्तजन्माचे देखावे, पण आकार क्राकुफच्या मनोऱ्यांचा, आणि सगळं चॉकलेटच्या चकचकीत कागदांनी मढवलेलं. स्पर्धा 1937 पासूनची. आपल्याकडे दिवाळीत किल्ले करतात ना, मुलांना तसंच वाटेल. सकाळी दहाच्या सुमारास पोहोचा, दुपारी ते सगळे शोप्के मिरवत नेतात.