आजोबांच्या रेकॉर्ड आणि डीजेइंग: पहिलं टर्नटेबल कुठलं घेऊ?

राजारामपुरी_११वी_गल्ली

नमस्कार मंडळी. आजोबांच्या ट्रंकेत रेकॉर्ड सापडल्यात. निम्म्या जड, ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्या), बाकीच्या एलपी. आजोबा गायिका केसरबाई केरकरांचे भक्त, त्यामुळं शास्त्रीयच जास्त. मला ह्या ऐकायच्या आहेत आणि डीजेइंगपण शिकायचंय. बजेट ४०,०००. दुकानदारानं सुटकेससारखा प्लेयर दाखवला, स्पीकर आतच, तिन्ही स्पीड आहेत. मित्र म्हणतो सरळ कंट्रोलर घे (लॅपटॉपमधली गाणी मिक्स करायचं यंत्र). एकाच मशीनवर दोन्ही कामं होतील का? पुढं अपग्रेड करताना आत्ताचं वाया जाऊ नये, एवढंच बघायचंय.

हलगी_कडकडाट

भावा, शिकायचंच असेल तर डीडीजे-एफएलएक्स४ कंट्रोलर घे. रेकॉर्डबॉक्स, सेराटो दोन्ही डीजे सॉफ्टवेअर चालतंय, लॅपटॉप नसला तर मोबाईलवरपण होतंय. आमच्या मंडळातली पोरं त्यावरच शिकली. रेकॉर्डचं नंतर बघ.

सुईवाला_शाहूपुरी

लग्नसराईत मी डीजे वाजवतो, एरवी घरी लोकांची टर्नटेबलं लावून देतो. जरा सविस्तर लिहितो.

तो सुटकेस प्लेयर घेऊ नका. तसल्या बहुतेक मशीनच्या आर्मला, म्हणजे सुईच्या दांड्याला, मागं वजन नसतं, त्यामुळं सुई किती दाबानं टेकतेय ते आपल्या हातात राहत नाही आणि ती सहसा जडच टेकते. स्पीकर त्याच पेटीत म्हटल्यावर त्याची थरथरही सुईला लागते. १९७७ साली व्हॉयेजर यानातनं ज्या केसरबाईंचा आवाज अंतराळात पाठवला, त्यांची रेकॉर्ड असल्या सुईखाली घालवायची का?

दुसरं, ७८ चा स्पीड आहे म्हणजे ७८ नीट वाजेल असं नाही. ७८ ची खाच एलपीच्या खाचेपेक्षा कितीतरी रुंद. एलपीची बारीक सुई त्यात तळाला जाऊन बसते आणि गाण्याऐवजी खरखरच ऐकू येते. ७८ ला वेगळी जाड सुई लागते.

म्हणून माझं मत ऑडिओ-टेक्निका एलपी१२०एक्सयूएसबी. पट्ट्यावर नाही, थेट मोटरवर फिरतं. ३३, ४५, ७८ तिन्ही स्पीड. पिच स्लायडर (वेग थोडा कमीजास्त करायचा) आहे, मागं वजन आहे. त्याला व्हीएम९५ई सुई येते. त्याच कार्ट्रिजला (सुई बसते तो भाग) ७८ ची व्हीएम९५एसपी सुई नुसती ओढून बदलता येते, म्हणजे नवीन कार्ट्रिजचा खर्च नाही.

लावताना घाई नको. आधी अँटीस्केट (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणूनची कळ) शून्यावर. मागचं वजन फिरवत आर्म हवेत आडवा तरंगेल असा आणायचा. मग वजन तसंच धरून पुढची आकड्यांची रिंग तेवढी शून्यावर, आणि आता वजनासकट २ पर्यंत. २ ग्रॅम झाले. अँटीस्केटही २. ७८ ची सुई लावली की तिच्या पाकिटावरचा आकडा बघून हे सगळं परत करायचं.

आता डीजेइंग. एफएलएक्स४ शिकायला चांगलंच आहे, पण त्याला फोनो इनपुट, म्हणजे टर्नटेबलचा बारीक आवाज घेणारं सॉकेट, नाही. उद्या टर्नटेबल आणलं तर त्यातनं मिक्स करता येणार नाही. तुम्हाला काही वाया घालवायचं नाही ना? मग आधी टर्नटेबल आणि कान पूर्ण झाकणारे चांगले हेडफोन. यूएसबीनं आजोबांच्या रेकॉर्ड लॅपटॉपवर उतरवा. मिक्स्स नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात त्याच मिक्स करून बघा. नंतर फोनो इनपुटचा दोन चॅनलचा मिक्सर, मग तसंच दुसरं टर्नटेबल. टेक्निक्स एसएल-१२०० हे सगळ्यांचंच स्वप्न. १९७२ पासूनचं मशीन, २०१० ला बंद झालं, २०१६ ला परत आलं. पण हात बसेपर्यंत त्याची गरज नाही.

एक सांगतो, ह्या रेकॉर्डवर सिंक बटण (लय आपोआप जुळवणारं) उपयोगाचं नाही. तबलजी मेट्रोनोमवर वाजवत नाही, द्रुत लय चढत जाते, सॉफ्टवेअरनं आखलेल्या ठोक्यांच्या सरळ रेघा दोन आवर्तनांत चुकतात. सम कानानं पकडायची आणि पिच हातानं सरकवायचा. हे ज्याला आलं त्याला पुढं कुठलंही मशीन द्या.

हलगी_कडकडाट

फोनो इनपुटचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बरोबर आहे दादांचं.

राजारामपुरी_११वी_गल्ली

दादा, लई आभार. अजून दोन शंका. पावसाळ्यात रेकॉर्डवर पांढरी बुरशी आलीय, स्पिरिटनं पुसू का? आणि बाबांच्या जुन्या ॲम्प्लिफायरला मागं फोनो लिहिलंय, तिथंच लावायचं ना?

सुईवाला_शाहूपुरी

७८ ला स्पिरिट लावूच नका! त्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटात विरघळते, खाचाच जातील. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या लिक्विड सोपचा एखादा थेंब, मऊ कापड, आणि खाचेच्या दिशेनं गोल पुसायचं. मधल्या लेबलला पाणी लागू द्यायचं नाही. परत नुसत्या डिस्टिल्ड वॉटरनं पुसून सावलीत उभ्या वाळवा. ठेवतानाही उभ्याच. एकावर एक रचल्या तर खालच्या तडकतात. पाकिटांना बुरशी असेल तर पाकिटंच टाकून द्या, नाहीतर बुरशी परत येणार.

ॲम्प्लिफायरला फोनो आहे हे चांगलं. टर्नटेबलच्या मागचं बटण फोनोवर ठेवा आणि तिथंच जोडा. बटण लाइनवर ठेवून (तेव्हा मशीनच आवाज वाढवतं) फोनोत लावलं तर आवाज दोनदा वाढून फाटतो. अर्थची बारीक वायर ॲम्प्लिफायरच्या स्क्रूला आवळा, नाहीतर घूं घूं येत राहील. मशीन आलं की इथं कळवा, शाहूपुरीत असाल तेव्हा वजन लावून देतो.