मदत हवी आहे: अल्ट्रासाउंड बोर्डावर आडव्या रेघा

मंडळी, आठ चॅनेलची एएफई (अ‍ॅनालॉग फ्रंट एंड, म्हणजे प्रोबचे सिग्नल वाढवून डिजिटल करणारी) चिप वापरून ३.५ मेगाहर्ट्झ प्रोबसाठी रिसीव्हर बोर्ड केलाय. एलएनए (कमी नॉइजचा अ‍ॅम्प्लिफायर), व्हेरिएबल गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते बदलता येणं), फिल्टर, १४ बिट एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा भाग), सगळं एकाच चिपमध्ये. १५ सेंमी खोलीवरचा प्रतिध्वनी जाऊन-येऊन ५० डेसिबलच्या आसपास क्षीण होतो, म्हणून डॅकवरून (आकड्यांचं व्होल्टेज करणारा भाग) कंट्रोल व्होल्टेज चढवत २०० मायक्रोसेकंदांचा गेन रॅम्प देतोय, म्हणजे खोलीबरोबर गेन वाढत जातो.

पण १० सेंमीच्या खाली बारीक आडव्या रेघा दिसतात, सारख्या अंतरावर. प्रोब काढला तरी तशाच! कंट्रोल व्होल्टेज स्थिर ठेवलं की गायब. म्हणजे डॅकचं व्होल्टेज ज्या पायऱ्यांनी चढतं, त्या पायऱ्याच सिग्नलमध्ये शिरताहेत. दोन दिवस उगाच रेग्युलेटरला शिव्या घातल्या.

कंट्रोल पिनपाशी १० मायक्रोसेकंद टाइम कॉन्स्टंटचा (म्हणजे तेवढ्या सावकाशीने बदलणारा) आरसी (रेझिस्टर-कपॅसिटर) फिल्टर लावला तर रेघा पुसट होतात, पण गेन पाऊण सेंमी मागे पडतो. तुम्ही टाइम कॉन्स्टंट किती ठेवता? की रॅम्पच आधी सुरू करता?