मदत हवी आहे: हळदीच्या जेलचा रंग उडतोय

एम. फार्मच्या प्रोजेक्टसाठी हळदीतल्या कर्क्युमिनचे (पिवळ्या रंगद्रव्याचे) इथोसोम, म्हणजे औषध त्वचेत खोल नेणाऱ्या अल्कोहोलयुक्त सूक्ष्म पिशव्या (सोया लेसिथिन, ३० टक्के इथेनॉल) करून १ टक्का कार्बोपोल ९४० (जेल बनवणारं पॉलिमर) च्या जेलमध्ये घातलेत. यूव्हीए किरणांनी कोलॅजन तुटून त्वचा अकाली सुरकुतते, ते रोखण्यासाठी हा खटाटोप. पण ३ आठवड्यांत जेल फिकं पडलं, शिवाय पातळही झालं! जेल घट्ट करायला घातलेल्या ट्रायइथेनॉलअमाइन या अल्कलीचा अंदाज चुकला आणि पीएच ७.४ वर गेला. अल्कलीत कर्क्युमिन टिकत नाही हे पाठ होतं, तरीही. त्यात बाटली पारदर्शक, ठेवलेली खिडकीपाशी.

आता पीएच ५.५ ला ठेवला तर जेल पुरेसं घट्ट राहील का? की कार्बोपोलऐवजी सरळ एचपीएमसी (सेल्युलोजपासूनचं जेल बनवणारं पॉलिमर) घेऊ? आणि फ्रांझ सेलच्या (त्वचेतून औषध किती झिरपतं ते मोजायचं उपकरण) रिसेप्टरमध्ये, म्हणजे खालच्या कप्प्यात, द्रव म्हणून तुम्ही काय वापरता? साध्या बफरमध्ये कर्क्युमिन विरघळतच नाही. गाईड गावाला, सबमिशन डोक्यावर.